१७१९ साली दिल्लीत काय घडले आणि मराठ्यांच्या हाती नेमके काय आले?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शालेय पुस्तकांत "१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या" एवढे एक वाक्य असते (चौथाई म्हणजे मुलखाच्या वसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा), आणि त्याच वर्षी दिल्लीच्या तख्तावर चार बादशहा होऊन गेले असेही अन्यत्र वाचायला मिळते. मग या सनदा दिल्या कोणी? ज्या बादशहाला स्वतःचे तख्त राखता आले नाही, त्याच्या नावाने निघालेल्या कागदाला किंमत ती काय? आणि मराठ्यांना त्यातून मुलूख मिळाला, पैसा मिळाला, की नुसता मान मिळाला?

उत्तर आधीच सांगून टाकतो. मराठ्यांना नवा मुलूख जवळजवळ काहीच मिळाला नाही. मिळाला तो मागण्याचा हक्क. तो वसूल करण्याचे बळ त्यांना स्वतःच्या घोड्यांच्या टापांनीच आणायचे होते. तरीही हा कागद निरुपयोगी होता असे म्हणणे चुकीचे ठरेल, आणि ते का, हे समजण्यासाठी त्या वर्षाचा घटनाक्रम नीट पाहावा लागतो.

त्याआधी तारखांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण या काळावरची दोन पुस्तके शेजारी ठेवली की तारखा जुळत नाहीत आणि वाचक गोंधळतो. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी कालगणना सोडली नव्हती, आणि अठराव्या शतकात जुन्या व नव्या गणनेत ११ दिवसांचे अंतर होते. औरंगजेबाचा मृत्यू एका पुस्तकात २० फेब्रुवारी १७०७ आणि दुसऱ्यात ३ मार्च १७०७ असा सापडतो तो यामुळेच. मोडी दफ्तरात काम करणाऱ्याला तर आणखी दोन गणना सांभाळाव्या लागतात. दिल्लीतली क्रांती शके १६४० मध्ये, विलंबी संवत्सराच्या अखेरीस झाली आणि मराठे परत आले ते शके १६४१, विकारी संवत्सरात. मराठी दफ्तरातला शुहूर सन मृग लागला की बदलतो, म्हणून जाताना १११९ होता आणि पोहोचेपर्यंत ११२० लागला होता. खाली दिल्लीच्या ज्या तारखा दिल्या आहेत त्या नव्या गणनेच्या आहेत.

आता मूळ विषयाकडे वळू. बारहा येथील सय्यद घराण्यातील दोघे भाऊ, अब्दुल्लाखान आणि हुसेनअली, यांनी १७१३ मध्ये जहांदरशहाचा पराभव करून फर्रुखसियरला तख्तावर बसवले. थोरला वजीर झाला, धाकटा मीरबक्षी, म्हणजे लष्करी खात्याचा प्रमुख. ज्यांनी तख्त दिले तेच ते काढून घेऊ शकतात, हे फर्रुखसियरला लवकरच उमगले आणि त्याने दोघांचा काटा काढण्याचे प्रयत्न सुरू केले. १७१५ मध्ये हुसेनअलीला दक्षिणेची सुभेदारी देऊन रवाना केले आणि पाठोपाठ दाऊदखान पन्नीला गुप्त पत्रे गेली की याला वाटेतच संपवावे. बऱ्हाणपूरच्या लढाईत उलट दाऊदखानच मारला गेला. पुढे अशीच पत्रे शाहू महाराजांनाही आली. म्हणजे दक्षिणेचा सुभेदार मराठ्यांशी लढत होता आणि त्याचा धनी मराठ्यांना त्याच्याविरुद्ध लढायला सांगत होता. अशा स्थितीत हुसेनअलीने मराठ्यांशीच तह करावा, यात नवल काही नाही.

मध्यस्थी शंकराजी मल्हाराने केली. राजाराम महाराजांच्या वेळी जिंजीस असताना हा सचिवपदावर होता, पुढे तो काशीला गेला आणि नंतर सय्यदांच्या पदरी लागला. दोन्ही दरबारांची भाषा आणि दोन्हीकडच्या गरजा जाणणारा असा माणूस दुसरा नव्हता. १७१८ मध्ये ठरलेल्या करारात शिवाजी महाराजांच्या मृत्यूसमयी जो मुलूख होता तो 'स्वराज्य' म्हणून शाहूंकडे राहावा, दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई व सरदेशमुखी मिळावी, शाहूंच्या आई येसूबाई, सावत्र भाऊ मदनसिंग आणि इतर कैदेतील मंडळींची सुटका व्हावी, अशी कलमे होती. बदल्यात मराठ्यांनी स्वराज्यापोटी वर्षाला १० लाख रुपये पेशकश, म्हणजे खंडणी, द्यावी, चौथाईपोटी १५,००० स्वार सुभेदाराच्या चाकरीस ठेवावेत आणि सरदेशमुखीपोटी मुलखाचा बंदोबस्त राखून चोरदरोड्याची भरपाई करून द्यावी, असे ठरले. बादशहाने हा करार मानला नाही. न मानण्याचे कारण त्याच्या बाजूने योग्यच होते, कारण यातील १५,००० स्वार उद्या कोणाच्या उरावर येणार हे त्याला दिसत होते.

तेच झाले. १७१८ च्या अखेरीस हुसेनअली उत्तरेकडे निघाला आणि त्याच्याबरोबर बाळाजी विश्वनाथाच्या हाताखाली पंधरा-सोळा हजारांची मराठी फौज निघाली. तिचा खर्च हुसेनअलीने उचलला होता. पेशव्याचा मुलगा बाजीराव तेव्हा १८ वर्षांचा होता आणि तोही बरोबर होता. हुकमावाचून दक्षिण सोडायची तर निमित्त हवे, ते मोठे गमतीचे शोधले गेले. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला होता हे सर्वांना ठाऊक होते. त्याचा एक मुलगा शाहूंच्या हाती सापडला आहे आणि त्याला बादशहाच्या स्वाधीन करायला आपण निघालो आहोत, असे हुसेनअलीने जाहीर केले. या तोतया शहाजाद्यासाठी हत्तीवर पडद्याची अंबारी होती, लाल डेरा होता, चौकीपहारा होता. चेहरा मात्र कोणी पाहिला नाही. शहाजाद्याच्या नावाखाली फौज दिल्लीपर्यंत बिनबोभाट पोहोचली.

१६ फेब्रुवारी १७१९ च्या सुमारास हुसेनअली राजधानीच्या वेशीशी आला तो नौबत वाजवीत. बादशहा राजधानीत असता दुसऱ्याने नौबत वाजवणे म्हणजे त्याची सत्ता झुगारणे. आपण आता बादशहाचे चाकर नाही, असे तो बोलूनही दाखवत होता. पुढचे काही दिवस भेटी, नजराणे, शपथा आणि बादशहाच्या सवलती यांत गेले. किल्ल्यातले पहारे बदलून तेथे सय्यदांची माणसे बसवू देण्याची अटही फर्रुखसियरने मान्य केली. आपला किल्ला आपणच त्यांच्या हाती दिल्यावर उरले काय? २७ फेब्रुवारीला वजीर अब्दुल्लाखान आणि जोधपूरचा राजा अजितसिंग किल्ल्यात शिरले. अजितसिंग हा फर्रुखसियरचा सासरा, ही गोष्ट त्या दिवसांतल्या नात्यांची कल्पना देते. शब्दाला शब्द वाढला, बादशहा जनानखान्यात जाऊन बसला आणि रात्र तशीच गेली.

२८ तारखेची सकाळ मराठ्यांच्या दृष्टीने या साऱ्या मोहिमेतली सर्वांत वाईट ठरली. किल्ल्याबाहेर मराठी स्वार उभे होते. आत काय चालले आहे याची कोणालाच कल्पना नव्हती, आणि वजीर मारला गेल्याची आवई शहरात पसरली. बादशहाच्या बाजूचे काही सरदार फौज घेऊन पुढे सरकले, अरुंद रस्त्यांत दाटी झाली, मराठ्यांचे घोडे मागे हटू लागले आणि ते मागे हटताहेत असे दिसताच बाजारातली माणसे त्यांच्यावर तुटून पडली. मोकळ्या मैदानात ज्या फौजेला कोणी अडवू शकत नव्हते, तिला शहराच्या गल्ल्यांत वळायलाही जागा नव्हती. दुकानदार, कसाई, बेकार शिपाई, ज्याला जे सापडले ते घेऊन तो धावला. घोडे, खोगिरे, कमरेच्या थैल्या, सारे लुटले गेले. त्या काळचा मोगल इतिहासकार खाफीखान मेलेल्या मराठ्यांचा आकडा दीड हजारांच्या आसपास देतो. संताजी भोसले तेथे पडला आणि बाळाजी महादेव भानूही पडला. या भानूचा नातू म्हणजे पुढे प्रसिद्धीस आलेला नाना फडणवीस. सनदा दिल्लीहून 'आणल्या' असे आपण सहज लिहितो, पण त्यांच्या किमतीत हे दीड हजार लोक धरले पाहिजेत.

इकडे किल्ल्यात नव्या बादशहाचा शोध चालू होता. औरंगजेबाचा नातू बेदारबख्त याच्या मुलाला तख्तावर बसवायचे ठरले होते. त्याला आणायला माणसे गेली तेव्हा जनानखान्यातल्या बायकांना वाटले की फर्रुखसियरला संपवून आता हे सगळ्या शहाजाद्यांना मारायला आले आहेत. त्यांनी दारे लावून घेतली आणि मुलांना लपवले. दार फोडून आत शिरलेल्या माणसांना जो हाती लागला तो रफीउद्दरजात. त्याला अंगावरच्या रोजच्या कपड्यांत बाहेर आणले, गळ्यात मोत्यांची माळ घातली, एक हात वजिराने आणि दुसरा अजितसिंगाने धरला आणि मयूरासनावर बसवले. हा तरुण क्षयाने पोखरलेला होता. ज्याच्या नावाने हिंदुस्थानचा कारभार चालायचा त्याची निवड अशी झाली. फर्रुखसियरला फरफटत बाहेर काढून त्याचे डोळे फोडले आणि एप्रिलमध्ये ठार मारले.

बाकीचे बादशहा थोडक्यात सांगतो. रफीउद्दरजात जूनमध्ये पायउतार झाला आणि काही दिवसांतच वारला. त्याचा थोरला भाऊ रफीउद्दौला दुसरा शहाजहान या नावाने बसला आणि सप्टेंबरात गेला. मधल्या काळात, मे महिन्यात, आग्र्याच्या किल्ल्यात निकुसियर याची द्वाही फिरली. हा अकबराचा खरा मुलगा. बापाने बंड केले तेव्हापासून, म्हणजे अगदी बालपणापासून, जवळजवळ ३८ वर्षे तो कैदेत होता. ज्या अकबराच्या खोट्या मुलाला पुढे करून हुसेनअली दिल्लीला आला, त्याच्याच खऱ्या मुलाविरुद्ध त्याला आग्र्याला वेढा घालावा लागला. ऑगस्टमध्ये किल्ला पडला आणि निकुसियर पुन्हा कैदेत गेला. २८ सप्टेंबरच्या सुमारास रोशन अख्तर हा महंमदशहा म्हणून गादीवर आला आणि १७४८ पर्यंत टिकला. त्याने आपले राज्यवर्ष फर्रुखसियरच्या पदच्युतीपासून मोजण्याचा हुकूम केला, म्हणजे मधल्या दोघांना हिशेबातून वगळले. या काळातल्या कागदांवर राज्यवर्ष वाचताना हे ध्यानात ठेवावे, नाहीतर महंमदशहा गादीवर येण्यापूर्वीच त्याचे पहिले वर्ष चालू झालेले दिसते आणि अभ्यासक कागदालाच बनावट ठरवून मोकळा होतो.

तेव्हा सनदा दिल्या कोणी, याचे उत्तर असे की मार्च १७१९ मध्ये, रफीउद्दरजात नावापुरता बादशहा असताना, सय्यदांनी त्या दिल्या. त्या तीन होत्या, स्वराज्याची, चौथाईची आणि सरदेशमुखीची. सहा सुभे म्हणजे औरंगाबाद, वऱ्हाड, खानदेश, बीदर, विजापूर आणि हैदराबाद. या सुभ्यांचा कागदोपत्री वसूल सुमारे १८ कोटी रुपये धरला होता. सरदेशमुखी त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे सुमारे १ कोटी ८० लाख. वंशपरंपरागत वतन मिळाले की वार्षिक उत्पन्नाच्या ६५१ टक्के नजराणा सरकारात भरावा, असा मोगली रिवाज होता. त्याप्रमाणे पावणेबारा कोटी होत होते. मुलूख उजाड झाल्याच्या सबबीवर ही रक्कम सुमारे १ कोटी १७ लाखांवर आणली गेली. या सवलतीत सय्यदांची अडचण स्पष्ट दिसते.

पैसा प्रत्यक्षात कसा वाटला जाई, ते एका गावाच्या हिशेबाने दाखवतो. समजा गावाचा आकार, म्हणजे ठरलेला सारा, १०० रुपये आहे. त्यावर सरदेशमुखी १० रुपये. ती राजाची खासगी, वतनाची बाब. चौथाई २५ रुपये. या २५ रुपयांतून चौथा हिस्सा, म्हणजे ६ रुपये ४ आणे, राजबाबती म्हणून छत्रपतींकडे. शेकडा ६ प्रमाणे दीड रुपया साहोत्रा, तो छत्रपतींच्या पंतसचिव या मंत्र्याकडे. शेकडा ३ प्रमाणे १२ आणे नाडगौडा, तो राजाने मर्जीप्रमाणे कोणालाही द्यावा. उरले १६ रुपये ८ आणे, तो मोकासा. मोकासा सरदारांना फौजेच्या खर्चासाठी मिळे. म्हणजे चौथाईचा दोनतृतीयांश भाग, जवळजवळ नेमका, तलवार बाळगणाऱ्याच्या हातात जात होता. वसुलीला चौथाईचा कमाविसदार (वसुली अधिकारी) वेगळा, सरदेशमुखीचा गुमास्ता वेगळा आणि त्याच चावडीत मोगलांचा अंमलदारही बसलेला. दुअमली म्हणतात ती हीच. पाटलाने कोणाकोणाला तोंड द्यायचे, याचा विचार सनदेत कोठे नव्हता.

माझ्या मते या व्यवस्थेतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मागणीच्या आधारात होती. मराठे चौथाई मागत ती गावाच्या प्रत्यक्ष उत्पन्नावर मागत नसत, कागदावरच्या जुन्या पूर्ण आकारावर मागत. पंचवीस वर्षांहून अधिक काळच्या लढायांनी दक्षिण उजाड झाली होती, त्यामुळे तेवढा वसूल कधीच येणार नव्हता. म्हणून बाकी कायम राहणार आणि बाकी आहे तोवर फौज घेऊन येण्याचा हक्कही कायम राहणार. हिशेब कधीच बेबाक होऊ न देणारी ही मागणी होती, आणि ती बाळाजी विश्वनाथाने समजून-उमजून केली असे मानायला पुष्कळ जागा आहे, कारण जमाखर्चाच्या कामात मुरलेला तो माणूस होता. सरदारांचे मोकासे एकाच ठिकाणी न देता निरनिराळ्या परगण्यांत विखरून देण्यात, कोणी एका मुलखात शिरजोर होऊ नये हा हेतू होता. पुढच्या ३० वर्षांत झाले ते नेमके उलट. जो सरदार जेथे गेला तेथे तो रुजला. पण तो दोष १७१९ च्या कागदाच्या माथी मारता येत नाही, कारण त्या कागदात गुजरात आणि माळवा नव्हतेच. शाहू महाराजांनी ते मागायला सांगितले होते, सय्यदांनी दिले नाहीत, आणि पुढे मराठे तेथे सनदेची वाट न पाहता घुसले.

स्वराज्याच्या सनदेचे काय? तिच्यात पुणे, सुपे, इंदापूर, वाई, मावळ, सातारा, कऱ्हाड, जुन्नर, पन्हाळा, कोल्हापूर अशी नावे होती, आणि कोकणातले महालही होते. ही यादी वाचून अनेकांना वाटते की हा सारा मुलूख त्या दिवशी शाहूंच्या ताब्यात आला. वास्तविक यातला बराच मुलूख आधीपासूनच त्यांच्या किंवा त्यांच्या सरदारांच्या ताब्यात होता, आणि जो नव्हता तो सनदेने मिळाला नाही. पन्हाळा, कोल्हापूर हे राजाराम महाराज व राजसबाई यांच्या पुत्राकडे, म्हणजे शाहूंचे चुलतभाऊ संभाजी यांच्याकडे होते. कोकणात जंजिऱ्याचा सिद्दी बसला होता आणि खुद्द रायगड त्याच्याच हाती होता. शिवाजी महाराजांची राजधानी स्वराज्यात परत यायला १७३३ उजाडावे लागले.

आता येसूबाईंविषयी. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा त्या आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या हाती लागले. १७०७ मध्ये शाहू सुटले, पण त्यांच्या वागणुकीची हमी म्हणून आई, बायका आणि सावत्र भाऊ मदनसिंग यांना मोगलांनी ठेवून घेतले. जुलै १७१९ च्या सुरुवातीस मंडळी साताऱ्याला पोहोचली तेव्हा येसूबाईंच्या कैदेला जवळजवळ ३० वर्षे झाली होती आणि मुलाला पाहून १२ वर्षे. शाहूंचे वय तेव्हा ३७ होते. या भेटीला राजकीय बाजूही होती, आणि ती अनेकदा भावनेच्या भरात झाकली जाते. जोवर आई मोगलांच्या ताब्यात होती तोवर शाहूंच्या प्रत्येक हालचालीवर ओलीस माणसांचा दाब होता. तो दाब या वर्षी उठला. मला सनदांइतकेच, कदाचित थोडे अधिकच, महत्त्व या गोष्टीचे वाटते.

कागदाच्या किमतीविषयी एक तुलना उपयोगी पडेल. याच फर्रुखसियरकडून इंग्रज कंपनीने १७१७ मध्ये बंगालच्या व्यापाराचे फर्मान मिळवले होते. वर्षाला ३,००० रुपये भरून जकातमाफी आणि कलकत्त्याभोवतीची ३८ गावे घेण्याची मुभा त्यात होती. फर्मान देणारा दोन वर्षांत गेला, आणि बंगालचा मुर्शिदकुलीखान काही ती गावे कंपनीला घेऊ देईना. तरी कंपनीने कागद जपून ठेवला आणि पुढची ४० वर्षे त्याच्यावर बोट ठेवून भांडत राहिली. देणारा कमजोर असला तरी घेणारा बळकट होत गेला की कागदाचे वजन वाढते, हे दोघांनाही उमगले होते.

सनदांची परीक्षा मात्र त्या वर्षी झालीच नाही, पुढे झाली. सय्यदांनी १७१९ मध्ये निजामुल्मुल्क या मातब्बर मोगल सरदाराला दिल्लीपासून दूर ठेवण्यासाठी माळव्याची सुभेदारी दिली. १७२० मध्ये तो नर्मदा उतरून दक्षिणेत आला आणि त्याने सय्यदांच्या फौजा मोडल्या. एप्रिल १७२० मध्ये बाळाजी विश्वनाथ वारला, ऑक्टोबरमध्ये हुसेनअलीचा खून झाला. सनद देणारे आणि घेणारे असे दोघेही गेले. निजामाने सनद खोटी आहे असे कधी म्हटले नाही. तेवढा तो मुत्सद्दी होता. १७२७ च्या सुमारास त्याने एवढेच विचारले की मराठ्यांचा खरा छत्रपती कोण, साताऱ्याचे शाहू की कोल्हापूरचे संभाजी? ते ठरेपर्यंत चौथाई कोणाला द्यायची? कायद्याच्या भाषेत हा आक्षेप बिनतोड होता, कारण सनदेतला हक्क ज्याच्या नावाने होता त्याची ओळखच वादात काढली होती. त्याचे उत्तर दफ्तरात नव्हते. बाजीरावाने ते फेब्रुवारी १७२८ मध्ये पालखेडला दिले. पुढच्याच महिन्यात मुंगी-शेवगावच्या तहात निजामाने शाहूंचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मान्य केला आणि थकलेली बाकी देण्याचे कबूल केले. हिशेब १७१९ च्या सनदांवरूनच झाला.